थरांच्या हिमाचे सूक्ष्मतरंग प्रतिमान: दोन प्रोग्रॅमांची उत्तरे जुळत नाहीत, चूक कुठे शोधावी?

केळीपट्टा (सावदा)

नमस्कार. मी पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि प्रकल्पासाठी थरांच्या हिमातून येणाऱ्या सूक्ष्मतरंग प्रारणाचे प्रतिमान (मॉडेल) हा विषय घेतला आहे. जळगाव जिल्ह्यात जन्म काढलेल्या मुलीने हिमाचा विषय का घ्यावा, हे घरी आणि विभागात दोन्हीकडे विचारून झाले आहे. तेवढा प्रश्न कृपया इथे नको. पुढे मी आकाशातून पडलेल्या, हवा अडकलेल्या थराला हिम म्हणेन आणि घट्ट, पारदर्शक पाण्याच्या घनरूपाला बर्फ म्हणेन.

सरावासाठी मी एक काल्पनिक थरसंच रचला आहे. सर्वांत वर २० सेंटिमीटर ताजे हिम, घनता १५० किलोग्रॅम प्रति घनमीटर. त्याखाली २ मिलिमीटर जाडीचे बर्फाचे कवच. त्याखाली ४० सेंटिमीटर गोलसर कणांचे हिम, घनता २८०. तळाशी, जमिनीला लागून, ३० सेंटिमीटर भरड आणि पैलूदार कणांचे हिम, घनता ३००. सहसंबंध लांबी, म्हणजे हिमाच्या सूक्ष्म रचनेचे ठळक माप, वरून खाली अनुक्रमे ०.०५, ०.१२ आणि ०.२५ मिलिमीटर धरली आहे. सगळे हिम कोरडे, आपतन कोन ५३ अंश, आणि वारंवारता एएमएसआर-२ या उपग्रहावरील उपकरणाच्या, म्हणजे १८.७ व ३६.५ गिगाहर्ट्झ.

हा थरसंच मी आधी मेमल्स या प्रतिमानात, ऑक्टेव्ह या गणिती प्रोग्रॅमवर चालवला आणि मग तीच फाइल पायथनमधल्या एसएमआरटी या दुसऱ्या प्रतिमानाला दिली. दोन्हींची उत्तरे, म्हणजे दीप्ती तापमाने (प्रारणाची तीव्रता केल्विनमध्ये), ३६.५ गिगाहर्ट्झला दोन आकडी केल्विनने वेगळी येतात. एककांची चूक असेल म्हणून जाडी सेंटिमीटरवरून मीटरवर आणि सहसंबंध लांबी मिलिमीटरवरून मीटरवर नेल्याचे मी तीनदा तपासले. ते बरोबर आहे. एसएमआरटीत आणखी एक विचित्र गोष्ट दिसते. बर्फाचे कवच फाइलमधून काढून टाकले तरी आडव्या आणि उभ्या ध्रुवणांतला (लाटेच्या कंपनाच्या दोन दिशांतला) फरक जवळजवळ तेवढाच राहतो. उलट मेमल्समध्ये कवच १.३ मिलिमीटरवरून २.५ मिलिमीटर केले, तर आडव्या ध्रुवणाचे दीप्ती तापमान खाली जाण्याऐवजी चक्क वर जाते. कवच जाड झाल्यावर परावर्तन वाढायला हवे ना?

शिवाय मार्गदर्शकांनी सुचवले म्हणून सगळ्या थरांची सरासरी काढून एकच थर करून पाहिला. त्याचे ३६.५ चे दीप्ती तापमान चार थरांच्या उत्तरापेक्षा बरेच जास्त आले. सरासरी बरोबर असूनही असे का व्हावे, हे समजत नाही.

पांझराकाठ (धुळे)

ताई, थरसंच आणि लक्षणे नीट लिहिल्याबद्दल आभार, कारण त्या लक्षणांतच उत्तर आहे. एकके आपण तपासली आहेत. आता क्रम तपासा. मेमल्सच्या फाइलमध्ये थर क्रमांक एक म्हणजे जमिनीलगतचा थर असतो आणि आकडे वर चढत जातात. एसएमआरटीत यादीतला पहिला थर म्हणजे आकाशाखालचा थर. तीच फाइल जशीच्या तशी दिल्यामुळे आपले भरड हिम एसएमआरटीच्या दृष्टीने सर्वांत वर जाऊन बसले आहे आणि कवच २० ऐवजी ७० सेंटिमीटर खोल गेले आहे. त्याच्यावर भरड कणांचा जाड थर असल्यावर कवचाने निर्माण केलेला ध्रुवणांतला फरक वर येईपर्यंत विकिरणाने, म्हणजे कणांनी प्रारण इकडेतिकडे फेकल्याने, पुसला जातो. कवच काढले काय नि ठेवले काय, उत्तर बदलत नाही, याचा अर्थ बहुधा हाच आहे.

क्रम उलटल्याने एवढा फरक का पडावा, हेही पाहू. भरड थर खाली असतो तेव्हा तो जमिनीकडून येणारे प्रारण मागे परतवतो, परंतु त्याच्यावरचे ६० सेंटिमीटर बारीक कणांचे हिम स्वतः थोडे शोषते आणि थोडे उत्सर्जित करते, त्यामुळे भरड थराची थंड खूण, म्हणजे त्याच्यामुळे घटलेले दीप्ती तापमान, वर येताना काहीशी बुजते. ३६.५ गिगाहर्ट्झला हे बुजणे लक्षणीय असते, कारण त्या वारंवारतेला बर्फातील शोषण १८.७ पेक्षा बरेच जास्त असते. भरड थर वर असला की ती खूण न बुजता थेट उपकरणाकडे जाते आणि दीप्ती तापमान घसरते. म्हणजे थरांचे साहित्य तेच, पण रचना उलटी झाल्यावर उत्तर दुसरे.

आता सरासरीविषयी. विकिरण हे कणाच्या मापाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि सरासरी मात्र आपण साध्या मापाची काढली. आपलेच आकडे घेतो. जाडीनुसार भारित सरासरी सहसंबंध लांबी सुमारे ०.१५ मिलिमीटर येते. तिचा घन आणि प्रत्येक थराच्या घनांची सरासरी यांची तुलना केली, तर दुसरी संख्या पहिलीच्या सुमारे १.८ पट आहे. एकथरी प्रतिमानाला आपण विकिरण ४५ टक्क्यांनी कमी सांगितले. दीप्ती तापमान वर जाणारच. घनता बाजूला ठेवली तर तळातला ३० सेंटिमीटरचा थर, म्हणजे जाडीचा एक तृतीयांश, एकूण विकिरणाचा सुमारे ८७ टक्के भार एकटा उचलतो. घनांची सरासरी काढून ०.१८ मिलिमीटर वापरले तरी एकाच संख्येने १८.७ आणि ३६.५ दोन्ही जुळणार नाहीत, कारण दोन वारंवारता वेगवेगळ्या खोलीवरचे थर पाहतात. मार्गदर्शकांना दुखवायचे नसेल तर हा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर करून दाखवा. आकडे भांडत नाहीत.

कवचाचा प्रश्न सर्वांत सुंदर आहे. ३६.५ गिगाहर्ट्झची हवेतली तरंगलांबी ८.२ मिलिमीटर. बर्फाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ३.१७, म्हणजे अपवर्तनांक १.७८, तेव्हा बर्फात ती साडेचार मिलिमीटरच्या आसपास येते. आपले कवच तिच्या निम्म्याहून पातळ आहे. अशा कवचाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लाटांमध्ये व्यतिकरण होते, जसे पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या पडद्यात रंग दिसतात. हिशोब सोपा व्हावा म्हणून दोन्ही बाजूंना ३०० घनतेचे हिम धरले, तर ५३ अंशांना एका पृष्ठभागाचे परावर्तन आडव्या ध्रुवणात सुमारे ६.५ टक्के आणि उभ्या ध्रुवणात सुमारे १.१ टक्का येते. कवच १.३ मिलिमीटर असेल तेव्हा दोन्ही लाटा एकमेकींना बळ देतात आणि आडव्या ध्रुवणातले परावर्तन २३ टक्क्यांवर पोहोचते. कवच सुमारे २.६ मिलिमीटर झाले की त्या एकमेकींना मारतात आणि परावर्तन जवळजवळ शून्य होते. त्यामुळे आपल्याला दिसलेला उलटा कल बरोबर आहे. मेमल्स पातळ थरांसाठी हे व्यतिकरण हिशोबात घेते.

एसएमआरटी मात्र आपण सांगितल्याशिवाय ते घेत नाही. त्याच्या समीकरण सोडवणाऱ्या भागात पातळ थरांना परावर्तक पृष्ठभागाप्रमाणे वागवण्याचा एक पर्याय आहे, जो मुळात बंद असतो. तो बंद असताना कवचाचे परावर्तन जाडी काहीही असली तरी सुमारे १२ टक्के धरले जाते. आणि एक सावधगिरी: आपण निवडलेल्या २ मिलिमीटरला व्यतिकरण धरूनचे उत्तर योगायोगाने ११ टक्के येते. म्हणजे क्रम सुलटा केल्यावर दोन्ही प्रोग्रॅम ३६.५ ला बऱ्यापैकी जुळतील आणि आपल्याला वाटेल की सगळे ठीक झाले. तो योगायोग आहे, हे विसरू नका.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मी या विषयातला नाही, बँकेत नोकरी करतो, पण धागा वाचून एक शंका आली. दीप्ती तापमान कमी म्हणजे हिम अधिक थंड, असे समजायचे का? आणि जाड हिमाचे दीप्ती तापमान कमी का असते? जाड गोधडीखाली तर ऊब जास्त असते.

शिरपूरहून सोलंगला (शिरपूर)

भाऊ, दीप्ती तापमान हे थर्मामीटरचे तापमान नव्हे. जमीन शून्य अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि वर प्रारण पाठवत असते. हिमाचे कण त्यातले काही प्रारण वाटेतच इकडेतिकडे फेकतात. उपकरणाला त्या जागी आकाशातून येऊन परतलेले प्रारण मिळते आणि डोंगरातले कोरडे, निरभ्र आकाश या वारंवारतेला जेमतेम वीस-तीस केल्विनचे असते. कण जितके जास्त आणि जितके भरड, तितकी जमिनीची ऊब कमी आणि आकाशाचा गारवा जास्त दिसतो. गोधडीपेक्षा दुधी काचेचे उदाहरण जवळचे आहे.

आणि दोन वारंवारता कशाला, असे पुढे विचाराल, तर आपल्याकडचेच पाहा. कापूस घेणारा व्यापारी गाडीवर वरवर नजर टाकून भाव सांगत नाही. आधी वरचा कापूस बोटांत चुरतो, मग कोपरापर्यंत हात घालून खालचा मूठभर काढतो, आणि दोन्हींत किती फरक आहे त्यावर बोलतो. ३६.५ हा वरचा हात, १८.७ हा खोल गेलेला हात. चँग यांचे १९८७ चे प्रसिद्ध सूत्र हेच करते: आडव्या ध्रुवणातील १८ आणि ३७ गिगाहर्ट्झच्या दीप्ती तापमानांचा फरक घ्यायचा आणि १.५९ ने गुणायचा, की सेंटिमीटरमध्ये हिमाची खोली मिळते. ३० केल्विन फरक असेल तर सुमारे ४८ सेंटिमीटर. त्यात कणांची त्रिज्या ०.३ मिलिमीटर आणि घनता ३०० सगळीकडे सारखी धरली आहे, आणि इथेच वरची सगळी चर्चा लागू होते.

आता मूळ प्रश्नाकडे. मी मनालीच्या वर, सोलंगच्या बाजूला, तीन हिवाळे हिमाचे खड्डे खणण्याचे काम केले आहे. प्रतिमाने मी लिहीत नाही, पण आकडे कुठून येतात ते मला माहीत आहे. खड्ड्याची एक भिंत सावलीत ठेवायची, फावड्याने सरळ कापायची आणि मऊ ब्रशने हलकेच झाडायची. झाडल्यावर भुसभुशीत थर आत जातात आणि घट्ट थर कड्यासारखे बाहेर राहतात; थर डोळ्यांना असे दिसतात. मग प्रत्येक थरात आधी मूठ, मग चार बोटे, मग एक बोट, मग पेन्सिल आणि शेवटी सुरी, यांपैकी काय सहज जाते ते पाहून कडकपणा लिहायचा. दर १० सेंटिमीटरवर तापमान घ्यायचे आणि काळ्या, आखलेल्या पत्र्यावर कण पसरून भिंगाने पाहायचे. तळातले भरड कण त्या पत्र्यावर बारीक, पोकळ पेल्यांसारखे दिसतात. बोटांत धरले तर साखरेसारखे ओघळतात, त्यांचा गोळा होत नाही.

हे पेले कसे बनतात, तेही खान्देशात बसून समजण्याजोगे आहे. केळीच्या गादीवाफ्यावर मल्चिंगचा कागद अंथरला की पहाटे त्याच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब धरलेले दिसतात, कारण उबदार मातीतली वाफ वर जाऊन गार कागदाला चिकटते. हिमातही जमीन शून्याजवळ आणि पृष्ठभाग उणे १५ अंशांवर असला की वाफ तळाकडून वर सरकत राहते, खालचे कण झिजतात आणि नवे पैलू धरून वाढतात. एक मीटरमध्ये दहा-वीस अंशांचा उतार टिकून राहिला की हे जोरात होते. म्हणून उथळ हिम आणि कडाक्याची थंडी असेल तिथे तळ लवकर भरड होतो.

माझा मुख्य मुद्दा कवचाविषयी आहे. ताईंनी कवच २ मिलिमीटर लिहिले आहे आणि सरांनी १.३ आणि २.६ मधला फरक दाखवला आहे. प्रत्यक्षात एका हाताच्या अंतरात कवच एका मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंत बदलताना मी शेकडो वेळा पाहिले आहे. कुठे ते तुटलेले असते, कुठे दुहेरी. उन्हाने वितळून रात्री गोठलेले असेल तर लाटालाटांचे असते. एएमएसआर-२ चे एक निरीक्षण ३६.५ गिगाहर्ट्झला साधारण ७ बाय १२ किलोमीटर आणि १८.७ ला १४ बाय २२ किलोमीटर जमिनीवर पसरलेले असते. एवढ्या पसाऱ्यात एकच जाडी धरून केलेले व्यतिकरण कितपत खरे मानायचे?

आणि कवच दिसले म्हणजे तिथे कधीतरी पाणी झाले होते, हे ध्यानात ठेवा. हिमात आकारमानाने एक टक्का जरी पाणी असले, तरी ३६.५ ची लाट काही सेंटिमीटरच्या खाली जात नाही आणि दीप्ती तापमान एकदम वर चढते. मग खालच्या थरांचे प्रतिमान कितीही नेटके असो, ते दिसतच नाहीत. उपग्रहाच्या दुपारच्या दीड वाजताच्या फेरीऐवजी रात्रीच्या दीड वाजताची फेरी वापरा.

केळीपट्टा (सावदा)

सर, दादा, दोघांचेही मनापासून आभार. क्रमच उलटा होता. आज सकाळी वीज आल्यावर ओळी सुलट्या केल्या, आणि ३६.५ गिगाहर्ट्झला दोन्ही प्रोग्रॅम जवळ आले. बाहेर ४४ अंश असताना थराच्या तापमानाच्या रकान्यात उणे आठ भरण्याची आता सवय झाली आहे.

दादांच्या प्रश्नावर मी हाताने हिशोब करून पाहिला. दोन समांतर पृष्ठभागांच्या परावर्तनाचे नेहमीचे सूत्र घेतले, सरांप्रमाणेच दोन्ही बाजूंना ३०० घनता धरली, आणि कवचाची जाडी १ ते ३ मिलिमीटर सगळीकडे सारख्या प्रमाणात पसरली आहे असे मानून आडव्या ध्रुवणाच्या परावर्तनाची सरासरी काढली. ३६.५ गिगाहर्ट्झला ती सुमारे ११.५ टक्के येते. व्यतिकरण न धरता एसएमआरटी जे १२ टक्के घेते, त्याच्या ती अगदी जवळ आहे. म्हणजे दादा म्हणतात ते बरोबर. जाडी विखुरली की व्यतिकरण आपोआप पुसले जाते.

परंतु १८.७ गिगाहर्ट्झला तसे होत नाही, आणि याने मी चकित झाले. तिथे तरंगलांबी १६ मिलिमीटर, त्यामुळे परावर्तन सर्वाधिक होण्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास येते आणि शून्य होण्याची पाच मिलिमीटरच्या पुढे. एक ते तीन मिलिमीटरची सगळी जाडी त्या चढावर किंवा शिखराजवळच बसते. सरासरी १९ टक्के आली. व्यतिकरण बंद ठेवले तर १२. याचा अर्थ पर्याय बंद ठेवून चालवलेले प्रतिमान १८.७ चे आडवे दीप्ती तापमान वास्तवापेक्षा जास्त दाखवेल. उलट खऱ्या निरीक्षणात कवचामुळे १८.७ चे तापमान ३६.५ पेक्षा अधिक खाली ओढले जाईल, दोघांतला फरक आकसेल, आणि चँग यांच्या सूत्राने खोली कमी निघेल. मी हे बरोबर वाचते आहे का? आणि तसे असेल तर पर्याय चालू ठेवून जाडीच्या अनेक किमतींवर सरासरी काढावी, की दुसरा मार्ग आहे?

पांझराकाठ (धुळे)

बरोबर वाचता आहात. फक्त एवढे लक्षात घ्या की परावर्तन १२ वरून १९ टक्के झाले म्हणून दीप्ती तापमान त्याच प्रमाणात पडणार नाही. कवच आपल्या थरसंचात २० सेंटिमीटर हिमाखाली आहे आणि त्यावरचे हिमही थोडे उत्सर्जन करते. नेमका आकडा प्रोग्रॅमनेच काढा. पर्याय चालू ठेवून १ ते ३ मिलिमीटरमध्ये दहा-पंधरा जाडी घ्या आणि येणाऱ्या दीप्ती तापमानांची सरासरी काढा. जाडीची सरासरी काढून एकदाच चालवू नका. थरांची सरासरी काढून एकच थर करण्यातली चूक मागच्या दाराने परत येईल.

कवच वगळायचेच असेल तर उभे ध्रुवण वापरून पाहा. तिथे एका पृष्ठभागाचे परावर्तन एक टक्क्याच्या आसपास असल्यामुळे व्यतिकरण पूर्ण जुळून आले तरी ते चार टक्क्यांच्या फारसे वर जात नाही. आडवे आणि उभे दोन्ही हाताशी असतील, तर खोलीसाठी उभ्या ध्रुवणातला १८.७ आणि ३६.५ चा फरक घ्या आणि आडव्या ध्रुवणाकडे कवचाची खूण म्हणून पाहा.

आणखी एक गोष्ट. आपल्या थरसंचाचे जलतुल्य, म्हणजे सगळे हिम वितळल्यावर उभे राहणारे पाणी, मी मोजले. ते सुमारे २३४ मिलिमीटर होते. १५० मिलिमीटरच्या पुढे ३६.५ गिगाहर्ट्झचा प्रतिसाद साधारणपणे मंदावतो आणि पुढे उलटही फिरतो. कवचाचा परिणाम स्वच्छ पाहायचा असेल तर मधला ४० सेंटिमीटरचा थर १० सेंटिमीटर करा, म्हणजे जलतुल्य दीडशेपर्यंत येईल, आणि दोन्ही थरसंच शेजारी ठेवून चालवा. फाइल एसएमआरटीला देताना या वेळी पहिल्या ओळीवर ताजे हिम आहे ना, एवढे पाहा.